डेक्लनला काही शिकवायचं नाही

मेल चार ओळींची होती आणि चौथी ओळ वाचून होईपर्यंत विश्वेश्वररावांची कॉफी गार झाली होती. मेलबोर्नच्या क्लायंटकडून डेक्लन नावाचा एक कॉन्ट्रॅक्टर दोन आठवड्यांसाठी बेंगळूरला येतो आहे, नॉलेज ट्रान्स्फरसाठी. कृपया त्याला संपूर्ण सहकार्य करावं, असं मॅनेजर नंदकिशोरने लिहिलं होतं. शेवटी एक पिवळा हसरा चेहरा होता. बावीस वर्षांच्या नोकरीत विश्वेश्वरराव एवढं शिकले होते की वरिष्ठांच्या मेलखाली हसरा चेहरा आला की इकडे कुणाचा तरी खरा चेहरा पडायचा असतो.

ज्यांना या धंद्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. नॉलेज ट्रान्स्फर म्हणजे एकाच्या डोक्यातलं काढून दुसऱ्याच्या डोक्यात ओतणं. ओतून झालं की रिकाम्या डोक्याचं कंपनीला काही काम उरत नाही आणि ते पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात येतं. विश्वेश्वररावांनी असे सात पुष्पगुच्छ पाहिले होते. त्यातल्या दोन प्रसंगी भाषणही त्यांनीच केलं होतं, कारण त्यांचं इंग्रजी गंभीर प्रसंगाला शोभतं असं सगळ्यांचं मत होतं. मेलबोर्नकडच्या एका पाणीपुरवठा कंपनीची बिलं बिनचूक निघतात की नाही हे तपासणं हे त्यांचं काम. त्या गावचं पाणी त्यांनी कधी चाखलं नव्हतं, पण कुठल्या गल्लीत कुणाचं मीटर अडकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. वय अठ्ठेचाळीस. या वयात डोकं रिकामं करून पुन्हा बाजारात उभं राहायचं म्हणजे काय सोपं आहे?

मेलला डेक्लनची माहिती जोडली होती. आयरिश, वय एकोणतीस, ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसावर. हा व्हिसा काय प्रकार आहे हे त्यांना लिफ्टमध्ये संहिताने सांगितलं. संहिता वरच्या मजल्यावर राहते, पुण्याची आहे, आणि एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपसाठी माणसं गोळा करते.

"अंकल, बेसिकली सुट्टीचा व्हिसा," ती म्हणाली. "फिरायला जायचं, आणि फिरता फिरता खर्चापुरतं काम करायचं. पूर्वी ही मुलं बारमध्ये ग्लास धुवायची. आता आयटीतले कॉन्ट्रॅक्ट उचलतात. रेट कमी, लगेच जॉइन होतात, आणि कंपनीला नंतर काही लफडं नाही. मार्केटमध्ये सध्या हेच चाललंय."

चौथा मजला आला, दार उघडलं, तरी विश्वेश्वरराव आतच उभे होते. बावीस वर्षांत त्यांनी हक्काची सुट्टीही पुरती घेतली नव्हती, आणि त्यांची नोकरी घ्यायला सुट्टीवर निघालेला माणूस येत होता.

विश्वेश्वररावांच्या पत्नी पद्मावतीबाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांना सरळ उत्तराची सवय आहे. "नंदकिशोरला विचारा ना, कशाला येतोय म्हणून," त्या म्हणाल्या.

"विचारलं की त्याला कळतं आपण घाबरलोय."

"घाबरलाच आहात की."

"ते तुला माहीत आहे. ऑफिसात माहीत नाही," विश्वेश्वरराव म्हणाले. एवढ्या एका अब्रूवर त्यांची बावीस वर्षं निघाली होती.

मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस अडचणीत करतो. ते समोरच्या भीमाचार्यांकडे गेले. भीमाचार्य सरकारी खात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले, तरी सल्ला देण्यातून निवृत्त झाले नव्हते. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"माणूस हॉटेलात उतरला की तो परका. घरात उतरला की पाहुणा," ते म्हणाले. "त्याला घरी उतरवा. चार दिवस पद्माक्काच्या हातचा सारू-भात जेवला की तुमच्या अन्नात माती कालवायला त्याचा हात धजणार नाही. अन्नाचा गुण आहे तो."

"आणि काम?"

"काम काढूच द्यायचं नाही. त्याने लॅपटॉप उघडला की तुम्ही कॉफी आणायची. दोन आठवडे म्हणजे किती? कामाचे दहा दिवस. सरकारात मी एकेक फाईल दहा वर्षं..." इथे भीमाचार्य थांबले. "सरी, बरं, ते जाऊ दे. सांगायचं एवढंच, डेक्लनला काही शिकवायचं नाही."

नंदकिशोरला हा बेत फार आवडला. पाहुण्याला घरी ठेवून घेणारा सीनियर त्याने आधी पाहिला नव्हता. "सर, तुम्ही ग्रेट आहात. क्लायंटला पण फॅमिली फीलिंग येईल," असं तो फोनवर म्हणाला, आणि विश्वेश्वररावांना वाटलं, बकऱ्याने स्वतःच सुरी धुवून ठेवली की कसायाला असंच भरून येत असेल.

रविवारी डेक्लन आला. सहा फूट उंची, तांबूस दाढी, पाठीवर एक पिशवी आणि चेहऱ्यावर असं काही निर्मळ हसू की विश्वेश्वररावांना त्याच्यावर नीट रागावताही येईना. दाराबाहेर बूट काढले, हात धुतले, पानातलं सगळं संपवलं, आणि हुळी, म्हणजे इकडची आंबट आमटी, पुन्हा मागून घेतली. पद्मावतीबाई पहिल्या पंगतीतच फितूर झाल्या.

"उद्या सुरुवात करू या?" डेक्लनने विचारलं. "बरंच काही आहे."

"करू, करू," विश्वेश्वरराव म्हणाले. "आधी ताक घ्या."

आता इथे कुणीही शहाणा माणूस म्हणेल, त्यालाच का नाही विचारलं की बाबा, तू आलास कशासाठी? त्याचं कारण असं की विश्वेश्वररावांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहे, आणि तेव्हापासून त्या घरात एक नेम चालत आलेला आहे. आलेल्या पाहुण्याला का आलात आणि कधी जाणार हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. तो आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं. याच नेमापायी त्यांचे एक चुलत आजोबा एका दुपारी जेवायला आले ते अकरा वर्षं राहिले. वारल्यानंतर कळलं की त्यांना शेजारच्या घरी जायचं होतं. तरीही नेम मोडला नाही. विश्वेश्वररावांनी नवीन काळाशी बऱ्याच तडजोडी केल्या होत्या, पण जेवणाऱ्या माणसाला 'का आलात' विचारायला त्यांची जीभ उचलेना. आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीतीही होतीच.

अडचणींना सोमवारी सकाळी गेटवरच सुरुवात झाली. सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद मोबाइलच्या ॲपवर होते, आणि त्या ॲपमध्ये पाहुणा सात दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही. आठव्या दिवशी ते आपोआप लाल होतं आणि कमिटीला निरोप जातो. सुरक्षा रक्षक मंजुनाथने डोकं खाजवलं.

"सार, गेस्ट म्हणून सातच दिवस. ड्रायव्हर, मेड, प्लंबर, यात टाकलं तर महिनाभर काही विचारत नाही. कशात टाकू?"

विश्वेश्वररावांनी विचार केला. ड्रायव्हर टाकावा तर लायसन मागतात. मेड टाकण्यात अर्थ नव्हता. "प्लंबर टाका," ते म्हणाले, आणि आपण एक प्रश्न निकालात काढला या समाधानात वर गेले.

पहिला आठवडा घरूनच काम करण्याच्या नावाखाली बेताप्रमाणे गेला. डेक्लनने लॅपटॉप उघडला की कॉफी यायची, कॉफी संपली की उप्पीट यायचं, आणि उप्पीट संपेपर्यंत विश्वेश्वररावांना एखादं देऊळ आठवायचं. सोमवारी बसवनगुडीतला मोठा नंदी झाला. मंगळवारी सर्जापूर रोडवरून बाहेर पडण्यातच दिवस गेला, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. बुधवारी-गुरुवारी संक्रांत. त्यात पाहुण्याच्या हाती एळ्ळु-बेल्लाचं, म्हणजे इकडच्या तिळगुळाचं, ताट देऊन त्याला चौतीस घरी फिरवलं. प्रत्येक घरी तीळ, गूळ, खोबरं आणि उसाचं कांडं मिळत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत तो एवढा ऊस चावून बसला होता की त्याला बोलताही येत नव्हतं. रोज संध्याकाळी विश्वेश्वरराव नंदकिशोरला अहवाल पाठवत होते: नॉलेज ट्रान्स्फर, प्रगती समाधानकारक. सोमवारी दहा टक्के, मंगळवारी वीस. टक्के वाढवायला त्यांना काही अडचण आली नाही. ती सवय त्यांना मूळचीच होती.

शुक्रवारी दुपारी डेक्लन घरात दिसेना. तासाभराने तो आला तेव्हा त्याच्या शर्टाची बाही ओली होती आणि हातात स्टीलचा डबा होता.

झालं होतं असं की बी ब्लॉकमधल्या चंपाबाईंचा नळ गळत होता, त्यांनी ॲपवर पाहिलं तर प्लंबर आवारातच असल्याचं दिसलं, आणि त्यांनी इंटरकॉमवरून त्याला बोलावून घेतलं. डेक्लनचे वडील आयर्लंडात नळांचीच कामं करायचे. त्याला हे बोलावणं म्हणजे इथली शेजारधर्माची पद्धत वाटली. तो गेला, सुरी आणि सुतळी मागून घेतली, नळ दुरुस्त केला, आणि मग शेजारच्या दोन घरांतलेही केले. चंपाबाईंनी प्रेमाने कोडबळ्यांचा, म्हणजे इकडच्या कडबोळ्यांचा, डबा दिला.

विश्वेश्वरराव खूश झाले. आणखी एक दिवस बिनकामाचा गेला होता. त्यांनी हसत हसत ही गोष्ट भीमाचार्यांना सांगितली. भीमाचार्य हसले नाहीत.

"त्याचा इकडचा व्हिसा कसला? बिझनेसचा ना? मग त्यात नळकाम बसतं काय?"

"नळकाम म्हणजे, सहज मदत हो..."

"डबा घेतला की नाही?"

"कोडबळ्यांचा."

"मत्ते, मग संपलंच. तो वस्तुरूप मोबदला झाला. परवानगीशिवाय रोजगार." भीमाचार्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि फॉर्म भरला ना? परदेशी माणूस घरी ठेवला की चोवीस तासांत नोंद करावी लागते. यजमानाने. नाहीतर..."

भीमाचार्य 'नाहीतर' नंतरचं कधीच सांगत नसत. चाळीस वर्षांच्या सरकारी अनुभवातून त्यांना कळलं होतं की पुढचं माणूस स्वतःच भरतो, आणि जास्त चांगलं भरतो. विश्वेश्वररावांनी ते दारापासून सोफ्यापर्यंतच्या सहा पावलांत भरून काढलं. त्यात कोठडी होती, वर्तमानपत्रातला फोटो होता, आणि पद्मावतीबाई कोडबळ्यांचा तोच डबा घेऊन भेटायला येत होत्या.

चोवीस तास सोडा, शंभराच्या वर तास उलटले होते. घाईघाईने त्यांनी त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. घराचे कागद, विजेचं बिल, पाहुण्याचा पासपोर्ट, सगळं चढवलं आणि बटण दाबलं. छापून पाहिलं तेव्हा पाहुण्याच्या जागी त्यांचा स्वतःचा फोटो होता. सरकारदरबारी आता विश्वेश्वरराव हे आयर्लंडचे एकोणतीस वर्षांचे नागरिक होते आणि तांबूस दाढीचा डेक्लन हा सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटचा मालक होता. सोमवारी निरोप आला: माहितीत विसंगती आहे, यजमान व पाहुणा दोघांनी मूळ कागदांसह गुरुवारी सकाळी हजर राहावं.

ते तीन दिवस विश्वेश्वररावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. पानातला भात ते नुसताच चिवडत बसत. समोर डेक्लन मात्र आंबटगोड गोज्जु-भात ओरपत होता. आता तर त्याने काम काढलं तरी त्यांचं लक्ष लागलं नसतं, म्हणजे बेत आणखीच चोख चालला होता. बुधवारी अहवालात त्यांनी नव्वद टक्के लिहिलं. नंदकिशोरचं उत्तर आलं, "सुपर, सर. शुक्रवारी दहाला हॅरिएटबरोबर कॉल आहे, फायनल." हॅरिएट म्हणजे मेलबोर्नच्या क्लायंटची मुख्य बाई. फायनल हा शब्द वाचून विश्वेश्वररावांनी फोन पालथा घालून ठेवला.

गुरुवारी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑफिसात त्यांच्या पुढे अकरा माणसं होती. त्यांनी कोडबळ्यांबाबतचं निवेदन इंग्रजीत पाठ केलं होतं: प्रस्तुत खाद्यपदार्थ स्नेहभावाने देण्यात आला असून, वगैरे. नंबर लागला. काउंटरमागे एक मध्यमवयीन अधिकारीबाई होत्या. त्यांनी फॉर्म पाहिला, दोघांचे चेहरे पाहिले, आणि दोन फोटोंची अदलाबदल केली. मग डेक्लनकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला जो विश्वेश्वररावांच्या घरात चारशे वर्षांत कुणी पाहुण्याला विचारला नव्हता.

"तुम्ही इथे कशासाठी आलात?"

विश्वेश्वररावांना मध्ये पडायचं होतं. पण तोवर डेक्लन बोलायलाही लागला.

"माझं काम या सरांना शिकवून द्यायला," डेक्लन म्हणाला. "माझा ऑस्ट्रेलियातला व्हिसा एका मालकाकडे सहाच महिने काम करू देतो. महिनाअखेरीस ते संपतात. त्यानंतर माझं काम हे बघणार."

बाईंनी शिक्का मारला. "झालं. पुढचे कोण?"

"मॅडम, ते कोडबळे..." विश्वेश्वररावांच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि कागद गोळा करून बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, त्यांची नोकरी घ्यायला कुणीच आलेलं नव्हतं. दुसरी, ती टिकवायला जे शिकायचं होतं ते त्यांनी कामाचे आठ दिवस स्वतःच्या हातांनी, उप्पिटासकट, अडवून धरलं होतं. पहिल्या गोष्टीचा आनंद व्हायला उसंत मिळाली नाही.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" डेक्लनने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "मी रोज काम काढायचो आणि तुम्ही शांतपणे कॉफी आणायचात. मला वाटलं, यांना हे सगळं येतंच. हॅरिएटला मी तसं कळवलंही, की हा माणूस फार आत्मविश्वासाचा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विश्वेश्वररावांना आत्मविश्वासाचा माणूस म्हटलं होतं, आणि तेही नेमकं आत्ता.

डेक्लनने सगळं सांगितलं. बिलांच्या तीनशे बारा चाचण्या आपोआप चालाव्यात म्हणून त्याने सहा महिने खपून प्रोग्राम लिहिले होते. ते समजणारा माणूस नसला तर सगळं फुकट. शुक्रवारी हॅरिएट विचारणार, बेंगळूरचा माणूस तयार आहे का? हो म्हटलं तर डेक्लनचं काम संपलं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कंपनी माझी मुदत वाढवून मागेल. मिळेल किंवा मिळणार नाही." तो आपल्या बुटांकडे बघत होता. "मी चाळीस ठिकाणी अर्ज केलेत, सर. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, व्हिसा कुठला. वर्किंग हॉलिडे म्हटलं की फोन संपतो. सहा महिन्यांच्या माणसाला कोण घेणार? मुदत नाही वाढली तर तिकडे उत्तरेला केळीच्या बागेत जायचं. तिथे व्हिसा विचारत नाहीत, पाठ कशी आहे ते विचारतात."

विश्वेश्वररावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. उद्या हा मुलगा 'नाही' म्हणाला तर त्याची सोय होणार होती. आणि 'नाही' हे तर खरंच होतं. त्याला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडले गेले. कॉफी आणायची नाही अशी पद्मावतीबाईंना सक्त ताकीद होती. डेक्लन चांगला शिकवायचा. विश्वेश्वरराव वहीत लिहून घेत होते, मान हलवत होते, आणि दर वीस मिनिटांनी त्यांना कळत होतं की आधीच्या वीस मिनिटांतलं अर्धं गळून गेलंय. दिवेलागणीपर्यंत चाचण्या सुरू कशा करायच्या ते आलं. बिघडल्या तर काय करायचं ते आलं नाही.

ते स्वयंपाकघरात गेले. पद्मावतीबाई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या.

"पद्मा, मला भीती वाटते."

"आता कशाची? तो काही नोकरी घ्यायला आलेला नाही ना?"

"उद्या तो नाही म्हणाला तर मी नव्वद टक्के लिहिलेला खोटारडा ठरतो. हो म्हणाला तर महिना संपल्यावर तीनशे बारा चाचण्या आणि मी एकटा. पहिल्याच बिघाडाला सगळं उघडं पडेल."

पद्मावतीबाईंनी मान वर केली. "मग खरं काय ते सांगून टाका."

"खरं सांगितलं तर नावही जाईल आणि नोकरीही."

"ते बघा तुमचं तुम्ही," पद्मावतीबाई म्हणाल्या, पण त्यांचा हात मघापासून एकाच शेंगेवर होता. त्याही घाबरल्या होत्या. विश्वेश्वररावांना ते दिसलं, आणि आजवर आपण एकटेच घाबरतो असं समजत होतो याची त्यांना लाज वाटली.

शुक्रवारी दहाला ऑफिसातल्या काचेच्या खोलीत तिघे बसले. मधल्या खुर्चीत नंदकिशोर, त्याच्या दोन बाजूंना हे दोघे. समोरच्या मोठ्या पडद्यावर हॅरिएट आली. साठीच्या आतबाहेरची, पांढऱ्या केसांची, कुठल्याही प्रस्तावनेशिवाय बोलणारी बाई.

"डेक्लन, सरळ उत्तर दे. ते तयार आहेत?"

विश्वेश्वररावांनी टेबलाची कड धरली. डेक्लनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"तयार आहेत," तो म्हणाला.

नंदकिशोरने सुस्कारा सोडला. सगळं जमलं होतं. आता विश्वेश्वररावांनी फक्त थँक यू म्हणायचं होतं, आणि गंभीर प्रसंगी चांगलं इंग्रजी बोलण्याबद्दल ते प्रसिद्धच होते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर महिनाअखेरची ती खुर्ची आली, चाचण्या बिघडून लाल झालेला पडदा आला, शेजारी कुणीच नाही. आणि केळीच्या बागेत वाकलेला हा तांबूस दाढीचा मुलगाही आला.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी तयार नाही."

"सर," नंदकिशोर ओठ न हलवता म्हणाला. "सर, काय करताय? नव्वद टक्के."

"नव्वद नाही. तीस. तेही कालपासूनचे." आता बांध फुटलाच होता. "हे माझी नोकरी घ्यायला आलेत असं मला वाटलं. म्हणून आठ दिवस मी यांना काम काढू दिलं नाही. देवळं दाखवली. ऊस खायला घातला. यांचा दोष नाही. हे आत्ता खोटं बोलले ते माझ्यासाठी."

प्लंबरचं त्यांनी गाळलं. कबुलीजबाबालाही काही मर्यादा असते.

नंदकिशोरने कनेक्शन तुटलं की काय ते पाहिलं. कनेक्शन चांगलं होतं.

"मला हसू येत नाहीये," शेवटी हॅरिएट म्हणाली. "डेक्लनसाठी मी तीन महिने वाढवून मागते. मिळतील असं मी सांगत नाही. मिळाले तर तो मेलबोर्नहून रोज दोन तास तुम्हाला शिकवेल. तीन महिन्यांनी मी पुन्हा हाच प्रश्न विचारीन, आणि त्या वेळी टक्के मी स्वतः मोजीन. परवानगी नाही मिळाली, तर तीस टक्क्यांवर तुम्ही एकटे."

पडदा काळा झाला. नंदकिशोर विश्वेश्वररावांकडे वळला. "बावीस वर्षांत कुणी असं बोललं नसेल, सर," तो म्हणाला. हे कौतुक होतं की नोटीस हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मेलखाली निदान हसरा चेहरा तरी असतो.

ऑफिसच्या खाली रस्त्याच्या कडेला उभ्याने खायचं एक दर्शिनी हॉटेल आहे. दोघे तिथे जाऊन उभे राहिले. दोघांनीही हात खिशात घातले.

"का सांगितलंत?" डेक्लनने विचारलं. "मी हो म्हटलं होतं."

"भीती वाटली," विश्वेश्वरराव म्हणाले. "खोटं पचेल, पण नंतर एकटा पडेन याची. तू का हो म्हणालास?"

डेक्लन रस्त्याकडे बघत बोलला. "तुम्हाला घर आहे. मला पिशवी आहे. पिशवी उचलता येते." मग तो म्हणाला, "पण भीती मलाही वाटत होती. अजून वाटतेय."

परवानगीचं उत्तर यायला दहा दिवस लागू शकतात, असं त्याने सांगितलं. तो उद्या दुपारी जाणार होता. तीन महिने मिळाले तर शिकवणार होता, आणि नीट शिकवलं की त्याची गरज संपणार होती. नीट नाही शिकवलं तर विश्वेश्वररावांची. हे दोघांनाही कळत होतं.

विश्वेश्वररावांनी काउंटरवर जाऊन बाय-टू कॉफी सांगितली. बेंगळुरात दोघांत एक कॉफी मागायला कुणी लाजत नाही. हॉटेलवाल्याने एका पेल्यातली कॉफी दोन लहान पेल्यांत ओतली आणि पेले संगमरवरी फळीवर सरकवले. वाफ निघत होती. आपल्या पेल्यात कमी आली की काय, म्हणून विश्वेश्वररावांनी हळूच दोन्ही पेल्यांत डोकावून पाहिलं. मान वर केली तर डेक्लनही तेच बघत होता.